संयुगांची नावं आणि सूत्रं कशी लिहायची: मोरचुदापासून आयसोऑक्टेनपर्यंत

सूत्रं पाठ करू नका असं प्रत्येक सर सांगतात आणि लगेच पुढच्या तासाला शंभर सूत्रांची यादी देतात. मग मुलं करतात पाठ, आणि परीक्षेत यादीबाहेरचं एक संयुग आलं की पेन थांबतं. आठवी-नववीपासून ते बारावी-सीईटीपर्यंत उपयोगी पडेल अशा बेताने सगळं एकदा ओळीने लिहितोय, वही पेन घेऊन बसा, नुसतं वाचून यातलं काही हाताला लागत नाही.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. इथे सूत्रं आपण तोंडाने वाचतो तशी लिहिलीयेत, म्हणजे मिठाचं एनएसीएल आणि पाण्याचं एच२ओ. वहीत उतरवताना इंग्रजी चिन्हं वापरा आणि अणूमागचा आकडा खाली बारीक लिहा.

आधी घर ओळखा

नाव द्यायचं असो की सूत्र लिहायचं असो, पहिला प्रश्न एकच: हे संयुग कुठल्या घरातलं? घरं ढोबळमानाने चार. धातू (किंवा अमोनियम) आणि अधातू/मूलक मिळून झालेलं आयनिक. दोन अधातूंचं सहसंयुज. पुढे एच असलेलं आणि पाण्यात विरघळलेलं आम्ल. आणि कार्बनची साखळी असलेलं सेंद्रिय. प्रत्येक घराचे नियम वेगळे आहेत, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त चुका नियम माहीत नसल्यामुळे होतच नाहीत, एका घरचा नियम दुसऱ्या घरात लावल्यामुळे होतात. ‘कॅल्शियम डायक्लोराइड’ लिहिणाऱ्याला डाय म्हणजे दोन हे बरोबर माहीत असतं, पण डाय-ट्राय सहसंयुजवाल्यांचं, आयनिकमध्ये ते लागत नाही, तिथे नुसतं कॅल्शियम क्लोराइड.

चिन्हं

यात फार वेळ घालवायचा नाही पण एक सवय लावून घ्या, पहिलं अक्षर कॅपिटल आणि दुसरं असेल तर ते स्मॉलच. कॅपिटल सी आणि स्मॉल ओ म्हणजे कोबाल्ट नावाचा धातू, दोन्ही कॅपिटल म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. घाईत लिहिताना पेपर तपासणाऱ्याला ओ नक्की कुठला ते कळलं नाही तर मार्क गेला.

काही चिन्हं इंग्रजी नावाशी जुळत नाहीत कारण ती लॅटिनवरून आलीत: सोडियम एनए, पोटॅशियम के, लोखंड एफई, तांबं सीयू, चांदी एजी, सोनं एयू, शिसं पीबी, कथिल एसएन, पारा एचजी. एक-दोन अक्षरांची ही पद्धत स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३-१४ च्या सुमारास मांडली, त्याआधी वर्तुळं, टिंबं, चंद्र-सूर्य अशी चित्रं काढायचे, तेव्हा आपलं नशीब बरंच म्हणायचं.

पाठ करायचंच ते एवढंच

आता पाठांतर. हो, थोडं आहे, पण सूत्रांचं नाही, आयनांचं. आयन (म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट) आणि त्याचा प्रभार.

साधे धन आयन आवर्तसारणीवरूनच कळतात: पहिला गण (लिथियम, सोडियम, पोटॅशियम) १+, दुसरा गण (मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम) २+, ॲल्युमिनियम ३+. त्यात झिंक २+ आणि चांदी १+ एवढं जोडा. ऋण बाजूला फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड सगळे १−, ऑक्साइड आणि सल्फाइड २−, नायट्राइड ३−.

मग दोन तोंडांचे धातू. लोखंड २+ किंवा ३+, तांबं १+ किंवा २+, कथिल आणि शिसं २+ किंवा ४+. पारा १+ किंवा २+, पण १+ वाला पारा कायम जोडीने राहतो, एचजी२ असा, आणि त्या जोडीचा मिळून प्रभार २+. याचा गोंधळ पुढे दिसेल.

आणि मग संयुक्त मूलकं, म्हणजे अनेक अणूंचा गट जो एकच प्रभार घेऊन फिरतो. अमोनियम एनएच४ हा १+. बाकी बहुतेक ऋण. हायड्रॉक्साइड ओएच १−, नायट्रेट एनओ३ १−, बायकार्बोनेट एचसीओ३ १−, परमँगनेट एमएनओ४ १−, ॲसिटेट सीएच३सीओओ १−, क्लोरेट सीएलओ३ १−. दोनवाले: सल्फेट एसओ४, कार्बोनेट सीओ३, क्रोमेट सीआरओ४, डायक्रोमेट सीआर२ओ७. तीनवाला एकच, फॉस्फेट पीओ४.

नीट बघितलंत तर या यादीत मी नायट्राइट, सल्फाइट, क्लोराइट दिलेच नाहीत, कारण ते वेगळे पाठ करायची गरज नाही. ‘एट’वाल्यातून एक ऑक्सिजन काढला की ‘आइट’, प्रभार तोच राहतो. सल्फेट एसओ४ तर सल्फाइट एसओ३, दोन्ही २−. नायट्रेट एनओ३ तर नायट्राइट एनओ२, दोन्ही १−. क्लोरीनचं खानदान जरा मोठं आहे: क्लोरेटला तीन ऑक्सिजन, एक वाढला तर परक्लोरेट, एक कमी झाला तर क्लोराइट, दोन कमी झाले तर हायपोक्लोराइट. फरशी पुसायच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं ते हेच. मात्र ‘एट’ म्हणजे अमुकच ऑक्सिजन असं काही नाही, नायट्रेटला तीन आणि सल्फेटला चार, म्हणून ‘एट’वाला पाठ करायचा आणि बाकीचे त्यावरून काढायचे.

‘आइड’ म्हणजे साधारणपणे ऑक्सिजनशिवायचा एकटा अधातू (हायड्रॉक्साइड आणि सायनाइडसारखे काही अपवाद). आयोडाइड म्हणजे नुसता आय आणि आयोडेट म्हणजे आयओ३. भारतात आयोडीनयुक्त मिठात साधारणपणे पोटॅशियम आयोडेट घालतात, केआयओ३, कारण आपल्या दमट हवेत केआय म्हणजे पोटॅशियम आयोडाइड तेवढं टिकत नाही, त्यातलं आयोडीन उडून जातं. नावात थोडाच फरक पण पदार्थ वेगळा.

नावावरून सूत्र (आयनिक)

ॲल्युमिनियम सल्फेट घेऊ. पहिली पायरी, दोन आयन प्रभारासकट शेजारी शेजारी लिहा, धन डावीकडे आणि ऋण उजवीकडे: एएल ३+, एसओ४ २−. दुसरी पायरी, एकूण प्रभार शून्य झाला पाहिजे, कारण संयुग उदासीन असतं. तीन आणि दोनचा लसावि सहा. सहा प्लस हवेत तर ॲल्युमिनियम दोन, सहा मायनस हवेत तर सल्फेट तीन. तिसरी पायरी, लिहून टाका: एएल२(एसओ४)३.

शाळेत याचाच शॉर्टकट शिकवतात, संयुजांचा तिरकस गुणाकार, याचा आकडा त्याच्याखाली आणि त्याचा याच्याखाली. शॉर्टकट चांगला आहे पण आंधळा आहे. कॅल्शियम कार्बोनेटला तो सीए२(सीओ३)२ देतो आणि मग दोनने भागायचं लक्षात ठेवावं लागतं. लसावि काढला तर २ आणि २ चा लसावि २, एक कॅल्शियम एक कार्बोनेट, सीएसीओ३, विषय संपला. म्हणून मी मुलांना लसाविच करायला लावतो, सुरुवातीला वेळ जातो पण नंतर डोक्यातच होतं.

कंसाचा नियम सोपा असून सगळ्यात जास्त मार्क खातो. कंस तेव्हाच, जेव्हा मूलक संयुक्त आहे आणि त्याची संख्या एकापेक्षा जास्त आहे. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे भिजवलेला चुना, सीए(ओएच)२. कंस न घालता सीएओएच२ लिहिलंत तर त्याचा अर्थ एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन होतो, मग रेणुवस्तुमानही चुकणार आणि पुढचं गणितही. उलट सोडियम हायड्रॉक्साइडला कंस नको आणि मॅग्नेशियम क्लोराइडलाही नको, एमजीसीएल२, कारण सीएल हे दोन अक्षरांचं चिन्ह असलं तरी अणू एकच आहे. हा शेवटचा घोळ नववीत फार दिसतो.

आता ती पाऱ्याची गंमत. मर्क्युरस क्लोराइड (जुनं नाव कॅलोमेल) एचजी२सीएल२ असंच लिहायचं, दोनने भागायचं नाही, कारण तिथे एचजी२ हा जोडीनेच एक आयन आहे. तसंच पेरॉक्साइडचं, ओ२ हा जोडीचा आयन, प्रभार २−, म्हणून सोडियम पेरॉक्साइड एनए२ओ२ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एच२ओ२. जोडी तोडली की दुसरंच काहीतरी होतं.

सूत्रावरून नाव (आयनिक)

धन आयनाचं नाव जसंच्या तसं, मग ऋण आयनाचं. केएनओ३ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आपला सोरा. एनएच४सीएल म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाल्याचा नवसागर. इथपर्यंत कोणी अडत नाही.

अडतात ते दोन तोंडांच्या धातूंपाशी. एफई२ओ३ आलं, आता फेरस की फेरिक? अंदाज करायचा नाही, हिशोब करायचा. ऑक्सिजन तीन, प्रत्येकी २−, एकूण ६−. म्हणजे दोन लोखंडांकडे मिळून ६+, प्रत्येकी ३+. नाव आयर्न-थ्री ऑक्साइड, वहीत हा थ्री रोमन आकड्यात कंसात लिहायचा, धातूच्या नावाला चिकटून, मध्ये जागा न सोडता. ही पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉकच्या नावाने ओळखली जाते. जुन्या पद्धतीत कमी प्रभाराला ‘अस’ आणि जास्तीला ‘इक’, म्हणून हेच फेरिक ऑक्साइड, गेरूला लाल रंग देणारं.

रोमन आकडा हा प्रभार सांगतो, अणूंची संख्या नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सीयू२ओ मध्ये तांबं दोन आहे, पण ऑक्सिजनचे २− दोघांत वाटले तर प्रत्येकाला १+, म्हणून नाव कॉपर-वन ऑक्साइड किंवा क्युप्रस ऑक्साइड. आणि सीयूओ मध्ये तांबं एकच, तरी नाव कॉपर-टू ऑक्साइड. अगदी उलटं वाटतं ना, म्हणूनच परीक्षेत हेच विचारतात. आणखी एक सापळा: ‘अस’ म्हणजे नेहमी दोन आणि ‘इक’ म्हणजे नेहमी तीन असं नाही, लोखंडाला २ आणि ३, तांब्याला १ आणि २, कथिलाला २ आणि ४, त्या त्या धातूचा कमी तो अस आणि जास्त तो इक एवढंच.

सहसंयुज, जिथे मोजायचंच असतं

दोन अधातू असले की प्रभाराचा हिशोब चालत नाही कारण तेच दोघं अनेक प्रमाणात एकत्र येतात. एकट्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनची बघा, एन२ओ, एनओ, एन२ओ३, एनओ२, एन२ओ४, एन२ओ५. म्हणून इथे नावातच संख्या सांगतात: मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्झा, हेप्टा, ऑक्टा, नोना, डेका. पहिल्या मूलद्रव्याला एकच अणू असेल तर मोनो लावायचा नाही. सीओ२ म्हणजे कार्बन डायॉक्साइड, एन२ओ५ डायनायट्रोजन पेंटॉक्साइड, पीसीएल५ फॉस्फरस पेंटाक्लोराइड, एसएफ६ सल्फर हेक्झाफ्लोराइड.

इथे भागाकार करायचा नाही. एन२ओ४ ला दोनने भागून एनओ२ केलंत तर तो दुसरा वायू झाला, एनओ२ तपकिरी आणि एन२ओ४ रंगहीन. पी४ओ१० चंही तसंच, नाव टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड, जरी जुन्या पुस्तकात पी२ओ५ फॉस्फरस पेंटॉक्साइड म्हटलेलं दिसलं तरी. पाणी, अमोनिया, मिथेन ही नावं रूढ आहेत ती तशीच ठेवायची, पाण्याला डायहायड्रोजन मोनॉक्साइड म्हणणं नियमात बसतं पण ते फक्त इंटरनेटवर लोकांना घाबरवायच्या विनोदात वापरतात.

आम्लं

आम्लाचं नाव त्याच्या ऋण आयनावरून निघतं आणि नियम तीनच. ‘आइड’ असेल तर हायड्रो अमुक-इक ॲसिड. ‘एट’ असेल तर इक. ‘आइट’ असेल तर अस. क्लोराइडवरून हायड्रोक्लोरिक, नायट्रेटवरून नायट्रिक, नायट्राइटवरून नायट्रस, सल्फेटवरून सल्फ्युरिक, सल्फाइटवरून सल्फ्युरस. आणि सूत्रात एच किती? ऋण आयनाचा प्रभार जेवढा तेवढे. सल्फेट २− म्हणून एच२एसओ४, फॉस्फेट ३− म्हणून एच३पीओ४. परक्लोरेट १− तर परक्लोरिक ॲसिड एचसीएलओ४, हे पाठ न करता आत्ता तुम्ही काढलंत.

वायू असताना एचसीएलला हायड्रोजन क्लोराइड म्हणतात, पाण्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक ॲसिड. समीकरणात अवस्था दिली असेल तर ती बघूनच नाव द्या.

बहुप्रोटॉन (एकापेक्षा जास्त एच सोडू शकणाऱ्या) आम्लाचे एच एक एक करून काढत गेलात तर मधल्या पायऱ्यांवरचे आयन मिळतात, फॉस्फोरिकमधून आधी एच२पीओ४ १−, मग एचपीओ४ २−, शेवटी पीओ४ ३−. हे कागदावरचं वाटतं पण खताच्या दुकानात हेच पोत्यांत भरलेलं असतं. डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, (एनएच४)२एचपीओ४: एचपीओ४ चा प्रभार २−, म्हणून अमोनियम दोन. सिंगल सुपर फॉस्फेटमधला कामाचा भाग कॅल्शियम डायहायड्रोजन फॉस्फेट, सीए(एच२पीओ४)२: कॅल्शियम २+, समोर १− वाले दोन. पोटॅश म्हणतात ते म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे साधं केसीएल. आणि डीएपीच्या पोत्यावरच्या १८:४६ मधला तो ४६ म्हणजे फॉस्फरसचं प्रमाण पी२ओ५ च्या हिशोबात सांगितलेलं असतं, पोत्यात पी२ओ५ नावाचा पदार्थ कणभरही नसतो, ही नुसती मोजायची रूढी.

स्फटिकजल, आणि चौकोनी कंसवाले

मोरचूद. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर वापरतात तो निळा. सीयूएसओ४·५एच२ओ, कॉपर-टू सल्फेट पेंटाहायड्रेट. स्फटिकात अडकलेलं हे पाणी म्हणजे स्फटिकजल. मधलं टिंब म्हणजे गुणाकार नाही, ‘सोबत’ एवढाच अर्थ, त्यामुळे रेणुवस्तुमान काढताना पाण्याचं वस्तुमान मिळवायचं: १५९.५ अधिक पाच पाण्याचे ९०, एकूण २४९.५. तापवलं की पाणी उडतं आणि निळा रंग जाऊन पांढरी पूड उरते. हिराकस एफईएसओ४·७एच२ओ, धुण्याचा सोडा एनए२सीओ३·१०एच२ओ, जिप्सम सीएएसओ४·२एच२ओ. प्लास्टर ऑफ पॅरिसला अर्धं पाणी, म्हणजे दोन कॅल्शियम सल्फेटमागे एक. तुरटीत दोन सल्फेट एकत्र आणि वर पाणी, के२एसओ४·एएल२(एसओ४)३·२४एच२ओ.

बारावीवाल्यांसाठी घाईत एक: के४[एफई(सीएन)६]. बाहेर पोटॅशियम चार, ४+. आत सायनाइड सहा, ६−. लोखंडाचा प्रभार क्ष मानला तर ४ + क्ष − ६ = ०, क्ष म्हणजे २+. नाव पोटॅशियम हेक्झासायनोफेरेट-टू. चौकोनी कंसातला गट ऋण असेल तर धातूच्या नावाला ‘एट’ लागतं. बाकी हा प्रांत मोठा आहे, तो इथे नको.

सेंद्रियकडे जाताना युरियाचं पोतं

अमोनियम सायनेट आणि युरिया, दोघांत अणू तेच: कार्बन एक, हायड्रोजन चार, नायट्रोजन दोन, ऑक्सिजन एक. १८२८ मध्ये फ्रेडरिक व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया तयार झाल्याचं दाखवलं. सीएच४एन२ओ एवढं लिहून कोणता पदार्थ ते कळतच नाही. युरिया लिहायचा तर एनएच२-सीओ-एनएच२ असा जोडणीसकट लिहावा लागतो. सेंद्रियमध्ये नुसतं रेणुसूत्र अपुरं पडतं. सी२एच६ओ म्हणजे ७८ अंशाला उकळणारं इथेनॉलही असू शकतं आणि नेहमीच्या तापमानाला वायू असलेलं डायमेथिल ईथरही. म्हणून इथे नाव हे रचनेचं वर्णन असतं, आणि रचना डोळ्यासमोर नसेल तर नाव द्यायला जाऊच नका.

नावाचे तुकडे असे: मुळात कार्बन किती (मेथ, एथ, प्रोप, ब्युट, पेंट, हेक्स, हेप्ट, ऑक्ट, नॉन, डेक), मग बंध कसले (एकेरी एन, दुहेरी ईन, तिहेरी आईन), शेवटी क्रियात्मक गटाचा (म्हणजे ओएचसारखा, संयुगाचा स्वभाव ठरवणारा अणूंचा गट) प्रत्यय. अल्कोहोल ऑल, अल्डिहाइड ॲल, कीटोन ओन, कार्बॉक्सिलिक आम्ल ऑइक ॲसिड, अमाइन अमीन. क्लोरो, ब्रोमो, नायट्रो आणि मेथिल-एथिलसारख्या फांद्या कायम पुढे लागतात, प्रत्यय म्हणून कधीच नाही. हायड्रोजन तपासायला सामान्य सूत्रं हाताशी ठेवा, अल्केनला (सगळे बंध एकेरी) कार्बनच्या दुप्पट अधिक दोन, एक दुहेरी बंध असेल तर बरोबर दुप्पट, तिहेरी असेल तर दुप्पट वजा दोन.

साखळी शोधणं, हीच खरी कसरत

पेट्रोलचा ऑक्टेन नंबर ज्याला १०० धरून ठरवतात तो आयसोऑक्टेन घेऊ. रचना: सीएच३-सी(सीएच३)२-सीएच२-सीएच(सीएच३)-सीएच३.

सलग सगळ्यात लांब साखळी शोधा, सरळ किंवा वळून, पेन न उचलता. इथे पाच कार्बन, म्हणजे पेंटेन. बाकी काय उरलं? तीन मेथिल. आता आकडे कुठल्या टोकापासून? डावीकडून मोजलं तर मेथिल २, २, ४ वर येतात. उजवीकडून मोजलं तर २, ४, ४. दोन्ही ओळी शेजारी ठेवून पहिला जिथे फरक पडतो तिथे लहान कोण ते बघायचं. पहिला आकडा दोन्हीकडे २, दुसरा २ आणि ४, म्हणून पहिली ओळ जिंकली. नाव २,२,४-ट्रायमेथिलपेंटेन. बेरीज करून लहान निवडा असं काही ठिकाणी शिकवतात, ते बऱ्याचदा जुळतं पण नियम तो नाही, त्याची सवय लावू नका. दोन आकड्यांमध्ये स्वल्पविराम, आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये आडवी रेघ, आणि एकाच कार्बनवर दोन मेथिल असतील तर आकडाही दोनदा. सी८एच१८ होतंय का मोजून घ्या, होतंय.

लांब साखळी नेहमी आडवी काढलेली नसते. सीएच३-सीएच(सी२एच५)-सीएच२-सीएच३ बघून मुलं पटकन २-एथिलब्युटेन लिहितात. पण त्या एथिलमधून शिरून दुसरीकडे बाहेर पडा, पाच कार्बन सलग मिळतात आणि नाव होतं ३-मेथिलपेंटेन. नियम म्हणून नाही पण खूण म्हणून लक्षात ठेवा, दुसऱ्या कार्बनवर एथिल दिसलं की साखळी चुकलीच. पहिल्या कार्बनवर मेथिल दिसलं तरी तेच.

वेगवेगळ्या फांद्या असल्या की इंग्रजी वर्णक्रमाने लिहायच्या, आणि वर्णक्रमात डाय-ट्राय धरायचे नाहीत. म्हणून ४-एथिल-२,२-डायमेथिलहेक्झेन, एथिलचा ई आधी, मेथिलचा एम नंतर, डायचा डी मोजायचाच नाही.

क्रियात्मक गट आला की मान त्याचा

गट असेल तर मुख्य साखळी त्याला घेऊनच जायला हवी आणि आकडा सगळ्यात आधी त्याला लहान मिळाला पाहिजे, फांद्या नंतर. सॅनिटायझरमध्ये असतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे सीएच३-सीएच(ओएच)-सीएच३, प्रोपॅन-२-ऑल. जुन्या पुस्तकात २-प्रोपॅनॉल लिहिलेलं दिसेल, आययुपॅकच्या (रसायनांची नावं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) १९९३ च्या शिफारशींपासून आकडा ज्या प्रत्ययाचा आहे त्याच्या लगेच आधी लिहायचा कल आहे, तसंच ब्युट-२-ईन.

अल्डिहाइड आणि आम्लाचा कार्बन साखळीत मोजायचा आणि तोच नंबर एक. सीएच३सीओओएच मध्ये म्हणून कार्बन दोन, इथेनॉइक ॲसिड, मेथेनॉइक नाही. मेथेनॉइक म्हणजे एचसीओओएच, मुंगी चावल्यावर चरचरतं ते. यातली गंमत अशी की आपल्याकडे पेपरात इथेनॉइक लिहिलं की खूश होतात, पण आययुपॅकच्या २०१३ च्या शिफारशीत पसंतीचं नाव ॲसेटिक ॲसिड असंच दिलंय. परीक्षेत अर्थातच पाठ्यपुस्तक म्हणेल ते लिहा, तिथे वाद घालून मार्क मिळत नाहीत.

दोन गट एकत्र आले तर मोठा कोण? उतरता क्रम: आम्ल, एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल मिळून होतं ते), अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल, अमाइन. मोठा प्रत्यय होतो, धाकटा पुढे जाऊन नाव बदलतो, ऑलचं हायड्रॉक्सी, अमीनचं अमिनो, ओनचं ऑक्सो. दह्यातलं लॅक्टिक ॲसिड सीएच३-सीएच(ओएच)-सीओओएच: कार्बन तीन, आम्ल मोठं, त्याचा कार्बन पहिला, ओएच दुसऱ्यावर. २-हायड्रॉक्सीप्रोपेनॉइक ॲसिड.

एस्टरला दोन शब्द आणि वाचायची दिशा उलटी. सीएच३सीओओसी२एच५ मध्ये ऑक्सिजनला चिकटलेला एथिल आधी, आम्लाकडचा भाग नंतर, एथिल इथेनोएट. डावीकडून उजवीकडे वाचून ‘मेथिल प्रोपेनोएट’ लिहिणारे भेटतात, ते वेगळंच एस्टर आहे, जरी अणूंची संख्या नेमकी तीच भरत असली तरी.

नावावरून रचना काढताना उलट जायचं, शब्दाच्या शेपटीकडून. ४-मेथिलपेंटॅन-२-ऑल: शेवटी ऑल म्हणजे ओएच, पेंटॅन म्हणजे पाच कार्बनची साखळी. पाच सी लिहा, खाली १ ते ५ आकडे टाका, २ वर ओएच, ४ वर सीएच३. मग सगळ्यात शेवटी प्रत्येक कार्बनचे चार हात पुरे होतील एवढे एच भरा: सीएच३-सीएच(ओएच)-सीएच२-सीएच(सीएच३)-सीएच३, रेणुसूत्र सी६एच१४ओ. एच आधी भरायला गेलात की खोडरबर हातातून सुटत नाही.

आता तुम्ही

उत्तरं झाकून करा. अमोनियम डायक्रोमेट, स्टॅनिक क्लोराइड, ॲल्युमिनियम फॉस्फेट, कॅल्शियम हायपोक्लोराइट, ही सूत्रं लिहा. पीबीओ२, एमजी३एन२, एचएनओ२, एस२सीएल२, सीएच३-सीओ-सीएच२-सीएच३, यांना नावं द्या.

सूत्रं अशी: (एनएच४)२सीआर२ओ७, एसएनसीएल४, एएलपीओ४ (तीनला तीन, म्हणून कंस नाही आणि आकडाही नाही), सीए(सीएलओ)२. नावं अशी: लेड-फोर ऑक्साइड (ऑक्सिजनचे ४− एकट्या शिशाने पेलायचे, आणि इथे पेरॉक्साइड नाहीये, नाहीतर शिसं २+ धरून बसाल), मॅग्नेशियम नायट्राइड, नायट्रस ॲसिड, डायसल्फर डायक्लोराइड, ब्युटॅन-२-ओन. एस२सीएल२ ला दोनने भागून एससीएल केलं असेल तर सहसंयुजचा भाग परत वाचा. आणि पीबीओ२ ला लेड डायॉक्साइड लिहिलं असेल तर चूक म्हणणार नाही, बॅटरीवाले तेच म्हणतात, पण रोमन आकडा विचारला तर तो चार आहे, दोन नाही.